एकादशी आणि दुप्पट खाशी

गडचिरोलीत खाण्याबद्दल बोलणं निघालं की चार वाक्यांत ते भुकेवर येतं. अंगणवाडीत पोराच्या दंडाला फीत लावायची, लाल रंगावर गेली की सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, पिवळ्यावर गेली की मॅम, म्हणजे मध्यम. गरोदर बाईला अमृत आहार योजनेतलं एक वेळचं गरम जेवण. पावसाळ्यात घरातलं धान संपत आलं की आंबील पातळ होत जाते. अशा मुलखात बसून पोट फुटेस्तोवर खाण्याच्या आजारावर प्रकरण लिहायचं म्हणजे थोडी लाजच वाटते. पण मला वाटतं, याच लाजेपायी हा आजार इथे कुणाला दिसत नाही.

एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती खरी नाही, मी रचलेली आहे. पण तिच्यातलं काहीही अशक्य नाही. ब्रह्मपुरीकडचं एक भाताचं गाव. नवरा बल्लारपूरला कामाला, शनिवारी घरी येतो. संध्याकाळी ती सासूला वाढते, पोरांना वाढते, भांडी गोळा करते. मग सयपाकघरात एकटीच उरते, ती आणि भाताचा गंज. दोन घास खाऊन उठायचं असं ठरवून ती बसते, आणि कुठेतरी तिचा हात तिच्या ताब्यातून सुटतो. उरलेला भात जातो, गूळ-शेंगदाणे जातात, पोरांसाठी आणलेला बिस्किटांचा पुडा जातो. चव लागत नसते. भूक तर केव्हाच भागलेली असते. पोट दुखायला लागतं तरी ती थांबत नाही, उलट भराभर खाते, कारण सासू पाण्याला उठली तर? पुड्याचा कागद चुलीत जातो. सकाळी ती ठरवते, आज दिवसभर फक्त चहा.

घरात कुणालाही याचा पत्ता नाही. शहरातल्या डॉक्टरांच्या प्रश्नावलीत एकटीने, लपून जेवणं ही धोक्याची खूण असते. आपल्याकडे सगळ्यांचं झाल्यावर शेवटी, एकटीने, सयपाकघरात जेवणं ही सुनेची रीत आहे. आजाराला लपायला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

ती कुणाला सांगायला गेलीच, तर आपली भाषाही तिला फारशी मदत करत नाही. मराठीत भरपूर खाणाऱ्यासाठी शब्दांना तोटा नाही: हावरट, अधाशी, खादाड, बकासुर. हे सगळे स्वभावाचे शब्द, म्हणजे शिव्याच. आजाराकडे बोट दाखवणारा एकच शब्द आहे, तो म्हणजे भस्म्या. आयुर्वेदातला भस्मक. जठराग्नी इतका पेटतो की खाल्लेलं जळून खाक होतं आणि पुन्हा भूक लागते. कल्पना झकास आहे, पण आपल्या बाईला ती लागू पडत नाही. भस्म्याचा रोगी भुकेपोटी खातो. ही भूक नसताना खाते. तिला झालंय त्याला इंग्रजी नाव आहे बिंज ईटिंग डिसऑर्डर. मराठीत त्याला अतिभक्षण विकार म्हणता येईल. नाव जड आहे, पण नाव नसलेल्या आजारावर कुणी औषध मागायला जात नाही.

नाव द्यायला डॉक्टरांनाही वेळच लागला. अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ मध्ये आपल्या काही रुग्णांत असं झटक्यांनी खाणं नोंदवलं. त्याआधी १९५५ मध्ये त्यानेच रात्रीच्या खाण्याचा एक वेगळा प्रकार वर्णन केला होता. (चंद्रपूरच्या कोळसा खाणीत किंवा वीज केंद्रात रातपाळी करणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. रातपाळीत डबा खाणं हा आजार नव्हे.) अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत स्वतंत्र आजार म्हणून अतिभक्षणाची नोंद झाली २०१३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं रोगवर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, त्यातही तो आहे. म्हणजे आज नोकरीत असलेल्या कित्येक डॉक्टरांनी आपल्या शिक्षणाच्या वर्षांत हा आजार स्वतंत्रपणे वाचलेलाच नाही.

नियमावलीची व्याख्या तशी सरळ आहे. साधारण दोन तासांच्या आत, तेवढ्या वेळात बहुतेक माणसं खाणार नाहीत इतकं खाणं. आणि ते खाताना 'मला थांबताच येत नाही' असं वाटणं. त्याच्या जोडीला घाईघाईने खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, मागाहून स्वतःचा तिटकारा वाटणं, यांतलं निदान तीन. हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. आणि त्या माणसाला त्याचा त्रास होत असला पाहिजे. खाल्लेलं उलटी करून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन बाहेर काढायची धडपड नियमाने होत असेल, तर तो बुलिमिया नावाचा दुसरा आजार.

या व्याख्येत पोळ्या मोजलेल्या नाहीत, भाताच्या वाट्याही नाहीत. तेरवीच्या पंगतीत आग्रहाखातर चार बुंदीचे लाडू जास्त गेले, तर तो आजार नाही. माडिया गावातल्या पंडुमला सगळा गाव मिळून खातो-पितो, तोही नाही. मेजवानीला गावाची परवानगी असते. तिथलं खाणं उजेडात होतं, चार जणांच्या हसण्यात होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आठवण निघते ती कौतुकाने. मी तर म्हणेन, किती खाल्लं हे विचारूच नका. कसं खाल्लं आणि नंतर काय वाटलं, ते विचारा.

दुसरी समजूत वजनाची. असं खाणारी बाई ढोलीच असणार, आणि ढोली दिसली की ती असंच खात असणार. दोन्ही अर्ध्याहून जास्त चूक. या आजाराच्या रुग्णांत वजनदार माणसं पुष्कळ असतात हे खरं, पण सगळी नसतात. आणि वजन जास्त असलेल्या बहुतेकांना हा आजार नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के बाया प्रमाणापेक्षा बारीक आणि २३.४ टक्के प्रमाणापेक्षा जाड निघाल्या. दोन्ही टोकं एकाच राज्यात, कधी एकाच घरात. आपली ब्रह्मपुरीची बाई यांतल्या कुठल्याही खान्यात असू शकते. ती धान रोवायला जाते, डोक्यावरून सरपण आणते. तिच्याकडे बघून डॉक्टर फार तर म्हणतील, रक्त कमी आहे.

आता तिसरी समजूत, आणि गडचिरोली-चंद्रपूर या जिल्ह्यांपुरती हीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: हे श्रीमंतांचे चोचले. ज्याच्या घरी डबे भरलेले, त्याला असले आजार. जिथे पोरं उपाशी, तिथे कसलं अतिभक्षण?

अमेरिकेत टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचं शहर आहे. तिथे गरिबांना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांवर येणाऱ्या ५०३ जणांची कॅरोलिन बेकर आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अन्नाची चणचण जितकी मोठी, तितकं असं ताबा सुटून खाण्याचं प्रमाण जास्त निघालं. ज्या घरांत पोरांवरही उपाशी राहायची पाळी येत होती, त्या घरांतल्या मोठ्यांत ते सर्वांत जास्त होतं. सॅन अँटोनिओ म्हणजे गडचिरोली नव्हे. पण शिधा संपत आल्याचे दिवस आणि शिधा आल्याचा दिवस यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. रेशन मिळालेल्या संध्याकाळी, तेंदूपत्त्याचे पैसे हातात आलेल्या आठवड्यात, घरात जे शिजतं ते नुसत्या भुकेच्या हिशेबाने शिजत नाही. उद्याच्या भीतीच्या हिशेबाने शिजतं.

भूक शरीराला काय शिकवते, याचा सर्वांत काटेकोर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातला आहे. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे, तब्येतीने ठणठणीत, मनाने स्थिर, पारखून घेतलेले. युरोपातल्या उपाशी लोकांना युद्धानंतर कसं खाऊ घालावं, हे समजून घ्यायचं होतं. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, वर आठवड्याला बावीस मैल चालायला लावलं. पोरं पार बदलून गेली. रात्रंदिवस अन्नाच्याच गोष्टी. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली, ताटं चाटू लागली. पुढे हवं तेवढं खायची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांतले काही जण पोटाला तडस लागली तरी थांबू शकत नव्हते. खाऊन झाल्यावरही भूक आहेच म्हणत होते. कीजचा दोन खंडांचा अहवाल १९५० मध्ये निघाला. त्या तरुणांतला कोणीही प्रयोगाआधी हावरट नव्हता. उपासमारीने त्यांना तसं केलं.

त्या प्रयोगातला एक आकडा मला कायम टोचतो. ज्याला कीजने अर्धी उपासमार म्हटलं, तो आहार दिवसाला साधारण १६०० कॅलरींचा होता. आज चंद्रपुरात काय आणि नागपुरात काय, बायकांच्या हातात १२०० कॅलरींचे छापील डाएट चार्ट सर्रास दिसतात. वर 'इच्छाशक्ती ठेवा' हा सल्ला फुकट.

आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. ती म्हण आपण उपवासवाल्यांची थट्टा करायला वापरतो, पण तिच्यात शरीराचा एक साधा नियम आहे: आज जेवढं ओढून धराल, तेवढं उद्या सुटेल. सगळ्यांचंच असं होत नाही. हजारो बाया संकष्टी, सोमवार, नवरात्र करतात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या जेवतात. मी उपवासावर टीका करत नाही. पण ज्या बाईला हा आजार आहे, तिच्यासाठी रात्रीच्या खाण्याचं प्रायश्चित्त म्हणून धरलेला 'फक्त चहा'चा दिवस हीच त्या रात्रीच्या खाण्याची तयारी असते. सकाळी ती स्वतःला शिक्षा देते असं तिला वाटतं. प्रत्यक्षात ती संध्याकाळचं चक्र फिरवून ठेवते.

इथे या दोन जिल्ह्यांचा आणखी एक अनुभव आडवा येतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियान गावोगावी दारू आणि तंबाखूच्या खर्ऱ्याविरुद्ध काम करतं. बायांनी मोर्चे काढले, हंडे फोडले. त्यामुळे इथे कुठल्याही 'सुटत नाही' अशा गोष्टीकडे आपण दारूच्या चष्म्यातून बघतो. व्यसन आहे ना? मग बंद करा. गोड बंद, भात बंद, तळलेलं बंद. शपथ घ्या.

दारू सोडता येते, कारण दारूवाचून माणूस जगतो. खर्राही सोडता येतो, कितीही जड गेलं तरी. अन्नाची बंदी कुणी करायची आणि किती दिवस? दारुड्याला उपचारात सांगतात की भट्टीच्या वाटेनेच जाऊ नको. आपल्या बाईची भट्टी तिच्याच सयपाकघरात आहे आणि तिला दिवसातून दोनदा तिथे चूल पेटवायची आहे. दारूतलं शहाणपण इथे उलटं लागतं. तिला सोडायचं आहे ते उपाशी राहणं. अन्न सोडायचं नाही.

या आजाराच्या उपचारातलं पहिलं पाऊल ऐकून लोक हसतात: नियमित जेवा. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीत दिवसाची तीन जेवणं आणि मधली दोन-तीन छोटी खाणी ठरवून घेतात. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, मग भूक असो वा नसो, आणि आदल्या रात्री काहीही झालेलं असो. त्यासोबत वही: काय खाल्लं, केव्हा, कुठे, तेव्हा मनात काय होतं. ही नोंद तिथल्या तिथे करायची, रात्री आठवून नाही. मग हळूहळू दिसायला लागतं की ताबा सुटतो तो शनिवारी नवरा आला नाही तेव्हा, सासू टाकून बोलली तेव्हा, आरशासमोरून गेल्यावर. पुढचं काम तिथे असतं.

मात्र या उपचाराची पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की ताट त्या माणसाच्या मालकीचं आहे. ब्रह्मपुरीच्या सुनेला दुपारी चार वाजता, कुणी मागितलेलं नसताना, स्वतःसाठी मूठभर फुटाणे आणि केळ घेऊन बसायची मुभा आहे का? रोवणीच्या दिवसांत बांधावरची शिदोरी सोडायची वेळ ती ठरवते की रोवणीची टोळी? म्हणून इथला उपचार एकट्या बाईवर करून भागणार नाही. सासूला बोलवावं लागेल. 'हिला तुमच्याबरोबर ताट वाढा' हे वाक्य इथे गोळीइतकंच औषध आहे, असं माझं मत आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. काही रुग्णांना उदासीनतेवरची औषधं उपयोगी पडतात. लिसडेक्सअँफेटामिन हे एक औषध अमेरिकेत २०१५ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. ते उत्तेजक जातीचं आहे, त्याची सवय लागू शकते आणि ते वजन उतरवायचं औषध नाही, असं त्याच्या मंजुरीतच लिहिलेलं आहे. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणायच्या गोष्टी या नव्हेत. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्याच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

बरं होणं म्हणजे बारीक होणं, ही समजूत तर घरच्यांची, डॉक्टरांची आणि खुद्द रुग्णाचीही. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की या मानसोपचाराचा हेतू वजन घटवणं नाही, आणि हे रुग्णाला आधीच सांगावं. तरी लोक वजनकाट्यावरच न्याय करतात. दोन महिन्यांत एकदाही ताबा सुटला नाही, पण काटा तिथेच आहे. मग घरचे म्हणतात, काय फायदा? फायदा हा की ती बाई आता रात्री झोपते.

आकडे आशा ठेवण्याजोगे आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६२ रुग्णांना वीस आठवडे गटात बसवून दोन प्रकारचे मानसोपचार दिले. उपचार संपताना दर चारांतल्या तिघांचं असं खाणं थांबलेलं होतं, आणि वर्षानंतर साधारण साठ टक्क्यांचं. म्हणजे काही जण पुन्हा घसरले. घसरणं हा बरं होण्याच्या रस्त्यातलाच भाग आहे. तेंदूपत्त्याच्या वाटेवर ठेच लागली म्हणून कुणी पुडका टाकून घरी परत येत नाही.

आणि हा फक्त बायांचा आजार नाही. अमेरिकेतल्या २००७ च्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्या बाया ३.५ टक्के निघाल्या आणि पुरुष २ टक्के. बुलिमियात पुरुषांचा वाटा इतका मोठा नसतो. गडचिरोलीत रूम करून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बघा. पहाटे १६०० मीटर, मग अभ्यासिका, छाती फुगवून पाच सेंटिमीटर भरते का याची चिंता, मेसचं जेवण, घरून येणारे मोजके पैसे. वजन वाढलं म्हणून दोन दिवस उपाशी, मग एका रात्री सगळंच. पोरगं खातं तेव्हा आपण 'वाढतं वय आहे' म्हणतो. ते बोलणार नाही, आणि आपण विचारणार नाही.

विचारण्याचं महत्त्व याच जिल्ह्याने जगाला दाखवून दिलेलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर साऱ्यांना वाटत होतं, खेड्यातल्या बायांना असले त्रास नसतातच. असते तर बोलल्या नसत्या का? त्या बोलल्या नव्हत्या, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या दुखण्याला लाज चिकटलेली होती. अतिभक्षणाचीही लाज त्याच जातीची आहे. अंगणवाडीत पोराचा दंड मोजताना आईला एक प्रश्न विचारायला वेगळं यंत्र लागत नाही: बाई, तू केव्हा जेवतेस, कुणासोबत, आणि जेवताना कधी असं होतं का की थांबवतच नाही? उत्तर 'हो' आलं तर हसू नका, डाएट चार्ट देऊ नका, आणि 'मन घट्ट कर' तर मुळीच म्हणू नका.

पुढची वाट जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे जाते. राष्ट्रीय कार्यक्रमाखालचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. भामरागड-एटापल्लीहून तिथवर जायचं म्हणजे एक दिवस आणि एक मजुरी जाते. तोवर फोन आहे: टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगावंसंच वाटत नसेल, तर जिल्ह्याला जाण्याची वाट बघू नका, हा फोन आधी लावा.